बारावीनंतर आयसर पुणे: फॉर्म भरण्यापासून पहिलं वर्ष पार पडेपर्यंत

दरवर्षी मार्च-एप्रिल आला की ओळखीतल्या कुणा ना कुणाच्या मुलीचा नाहीतर मुलाचा मेसेज येतोच, दादा मला फिजिक्स आवडतं किंवा बायो आवडतं, पण इंजिनियरिंगला जायचं नाहीये आणि डॉक्टर पण व्हायचं नाहीये, मग काय करू. यातल्या बऱ्याच पोरांनी आयसरचं नाव पहिल्यांदा ऐकलेलं असतं ते बारावीचे पेपर संपल्यावर, म्हणजे पार गाडी सुटायच्या वेळी. म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहून ठेवतोय. मी स्वतः आयसर पुण्यातून बीएस-एमएस केलंय, शाळा मराठी मीडियम, ज्युनियर कॉलेज तालुक्याच्या गावाला, त्यामुळे हे लिहिताना तशाच घरातली पोरं डोळ्यासमोर आहेत.

ज्यांना अजिबातच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आयसर म्हणजे इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स एज्युकेशन अँड रिसर्च, केंद्र सरकारच्या अशा एकूण सात संस्था आहेत. पुणे आणि कोलकाता २००६ ला सुरू झाल्या, नंतर मोहाली, भोपाळ, तिरुवनंतपुरम, तिरुपती आणि बरहामपूर. पुण्याचं आयसर पाषाणला, होमी भाभा रोडवर, एनसीएल म्हणजे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या शेजारी. मुख्य कोर्स पाच वर्षांचा बीएस-एमएस, त्यात सुरुवातीला सगळे विज्ञान विषय शिकायचे, मग हळूहळू आपला विषय निवडायचा आणि शेवटचं पाचवं वर्ष एखाद्या लॅबमध्ये किंवा एखाद्या प्राध्यापकांसोबत रिसर्च करून थिसिस लिहायचा. शिकवणारे सगळे स्वतः रिसर्च करणारे लोक. म्हणजे सकाळी ज्यांनी तुम्हाला जेनेटिक्स शिकवलं त्यांचीच लॅब दुपारी दोन मजले वर चालू असते.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे मी आईवडिलांना पण सांगतो. आयसर हे नीट किंवा जेईई हुकल्यावर जायची जागा आहे असं समजून येऊ नका. तसं समजून आलेली पोरं पहिल्या सहा महिन्यांतच कंटाळतात, कारण इथला अभ्यास जड आहे आणि तो ओढून न्यायला आतून आवड लागते. हा प्रयोग असाच का करतात, हे सूत्र आलं कुठून, पानाचा रंग सावलीत वेगळा का दिसतो, असले प्रश्न ज्यांना खरंच सतावतात त्यांच्यासाठी ही जागा फार म्हणजे फार सुंदर आहे. पोरगी हुशार आहे पण तिला असलं काही सुचत नाही, आणि तिला छान नोकरी लवकर हवीये, तर त्यात वाईट काहीच नाही, तिनं सरळ इंजिनियरिंग करावं. हे आधी घरात बसून मोकळेपणानं बोलून घ्या, फॉर्मची फी भरायच्या आधी.

स्वतःची आवड तपासायची असेल तर अकरावीतच पुण्याला या. २८ फेब्रुवारीला राष्ट्रीय विज्ञान दिन असतो, तेव्हा आयुका ही पुणे विद्यापीठातली खगोलशास्त्राची संस्था लोकांसाठी उघडी असते, नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या तिथे मोठं विज्ञान प्रदर्शन भरतं आणि ४५ मीटर व्यासाच्या त्या अँटेना, अशा ३० आहेत, त्या जवळून बघता येतात. तिथं काम करणाऱ्या लोकांना प्रश्न विचारा. तासभर बोलून परत निघताना डोक्यात आणखी प्रश्न असतील तर समजा पाऊल योग्य दिशेला आहे.

प्रवेश कसा होतो. पूर्वी तीन वाटा होत्या, केव्हीपीवाय ही केंद्राची स्कॉलरशिप परीक्षा, जेईई ॲडव्हान्स्ड आणि आयसरची स्वतःची परीक्षा. केव्हीपीवाय २०२२ मध्ये बंद झाली आणि २०२४ पासून जेईईची वाटही बंद झाली, आता फक्त एकच दार, आयएटी म्हणजे आयसर ॲप्टिट्यूड टेस्ट. यूट्यूबवर अजून जुने व्हिडिओ फिरतायत ज्यात ॲडव्हान्स्डच्या रँकवर आयसर मिळतं असं सांगतात, ते बघून फसू नका. फॉर्म साधारण मार्च-एप्रिलमध्ये सुटतात, परीक्षा मे अखेर ते जूनमध्ये. नेमकी तारीख दरवर्षी बदलते म्हणून आयसर ॲडमिशनची अधिकृत साइटच बघायची, व्हॉट्सॲपवर आलेला फोटो नाही. बारावी सायन्स याच वर्षी किंवा मागच्या वर्षी पास झालेली असली पाहिजे, ६० टक्के लागतात, एससी, एसटी आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना ५५. आणि फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, बायो यातले किमान तीन विषय घेतलेले हवेत. म्हणजे पीसीएमवाले, पीसीबीवाले, दोघंही चालतात. ज्यांनी बायो सोडून कॉम्प्युटर सायन्स किंवा इलेक्ट्रॉनिक्स घेतलंय ते पण फॉर्म भरू शकतात, हे खूप जणांना माहीतच नसतं.

पेपर कॉम्प्युटरवर असतो, तीन तास, ६० प्रश्न, चारही विषयांचे १५-१५. बरोबर उत्तराला ४, चुकीला वजा १, एकूण २४०. आणि इथंच खरी गंमत आहे. पीसीएमची पोरं म्हणतात बायो आपल्याला येत नाही, सोडून देऊ, आणि पीसीबीची पोरं मॅथ्स सोडून देतात. असं करून तुम्ही बसल्या जागी ६० मार्क सोडताय, पूर्ण पेपरचा पाव भाग! आणि हे ६० मार्क मिळवणं इतकं अवघड नाहीये, कारण समोरची निम्मी गर्दी पण त्या विषयात तुमच्याइतकीच कच्ची आहे. तुम्ही तिथं सात-आठ प्रश्न जरी नीट सोडवले तरी रँकमध्ये मोठा फरक पडतो.

पीसीएमवाल्यांनी बायोसाठी एनसीईआरटीची अकरावी-बारावीची पुस्तकं घ्या, फुकट पीडीएफ मिळतात, आणि सगळं वाचायला वेळ नसेल तर पेशी, जेनेटिक्स, डीएनए ते प्रोटीन हा भाग, उत्क्रांती, इकॉलॉजी आणि मानवी शरीराचे धडे आधी करा. वर्गीकरणाची लांबलचक नावं शेवटी. पेडिग्रीचा म्हणजे वंशावळीचा तक्ता बघून आजार कसा पुढे जातोय हे ओळखणं, आलेख वाचणं, हे ज्याला गणित येतं त्याला पटकन जमतं, दोन-तीन आठवडे रोज एक तास दिला तरी हात बसतो. पीसीबीवाल्यांनी मॅथ्समध्ये संच आणि फलनं, वर्गसमीकरणं, श्रेढी, क्रमपर्याय-संयोग, संभाव्यता, सरळ रेषा, मॅट्रिक्स आणि साधं डिफरन्शिएशन एवढं धरायचं. इंटिग्रेशनच्या सगळ्या युक्त्या शिकत बसू नका, तेवढ्या वेळात संभाव्यता पक्की होते आणि पुढे जेनेटिक्सला पण तीच लागते.

बालभारतीची पुस्तकं टाकून द्यायची का, असं विचारतात. अजिबात नाही, बोर्डाला तीच लागणार आहेत आणि ती चांगली आहेत. फक्त आयएटीचा अभ्यासक्रम साइटवर दिलेला असतो तो समोर ठेवा, एनसीईआरटी शेजारी ठेवा, आणि आपल्या पुस्तकात जे नाही किंवा कमी आहे तेवढंच तिकडून वाचा. मागच्या वर्षांचे पेपर पण साइटवर मिळतात. ते पेपर सोडवणं हीच खरी तयारी, महागड्या टेस्ट सिरीजची गरज मला तरी वाटत नाही. पण पेपर सोडवायचा म्हणजे घड्याळ लावून, मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवून, सलग तीन तास, आणि दुसऱ्या दिवशी प्रत्येक चुकलेला प्रश्न परत घेऊन कुठं अडलं ते वहीत लिहायचं, की संकल्पनाच कळली नव्हती, की आकडेमोड चुकली, की प्रश्न नीट वाचला नाही. या तीन चुकांचे उपाय वेगवेगळे आहेत. आकडेमोड चुकणाऱ्यानं धडे परत वाचून काय होणार?

आयएटीतले फिजिक्सचे प्रश्न सूत्र घालून उत्तर काढा असे कमी असतात, विचार करायला लावणारे जास्त. त्यासाठी एक सवय लावून घ्या, उत्तर आलं की टोकाच्या किमती घालून बघायच्या. समजा गुळगुळीत उतारावरून ठोकळा घसरतोय आणि पर्यायांत साइन थीटा, कॉस थीटा, टॅन थीटा असं काही दिलंय. कोन शून्य केला तर जमीन सपाट, ठोकळा हलायलाच नको, म्हणजे कॉस गेला. कोन ९० अंश केला तर ठोकळा सरळ खाली पडणार, त्वरण जी असायला हवं, टॅन तर तिथं अनंत होतो, तोही गेला. राहिला साइन. सूत्र आठवायची गरजच पडली नाही. एककं तपासायची सवय पण अशीच. पुढे आयसरमध्ये आल्यावर सर-मॅडम पहिल्या महिन्यात हेच शिकवतात, म्हणजे ही मेहनत वाया जात नाही.

निगेटिव्ह मार्किंगला पोरं उगाच घाबरतात. चार पर्याय, बरोबरला ४, चुकीला वजा १. हिशोब करा. डोळे मिटून ठोकलं तरी सरासरी पाव मार्क फायद्यातच आहे. एक पर्याय नक्की चुकीचा आहे हे कळलं तर सरासरी दोन तृतीयांश मार्क, दोन पर्याय उडवले तर दीड मार्क. त्यामुळे थोडं तरी कळत असेल तर प्रश्न कोरा सोडू नका. फक्त हे सगळं शेवटच्या दहा मिनिटांत करा, आधी जे येतंय ते शांतपणे सोडवून घ्या, नाहीतर अंदाजाची चटक लागते आणि येणारा प्रश्न पण घाईत चुकतो.

आता कागदपत्रं. हा भाग कंटाळवाणा आहे पण इथंच हुशार पोरांचं नुकसान झालेलं मी बघितलंय, म्हणून नीट वाचा. आयसर केंद्राची संस्था आहे. महाराष्ट्राच्या कॅप राउंडला म्हणजे राज्याच्या प्रवेश फेऱ्यांना जे सर्टिफिकेट चालतं ते इथं तसंच्या तसं चालेल असं नाही. ओबीसी असाल तर केंद्राच्या नमुन्यातलं नॉन क्रीमी लेयर लागतं, राज्याचं वेगळं आणि केंद्राचं वेगळं, सेतू केंद्रात किंवा तहसीलला अर्ज करतानाच केंद्रासाठी हवंय असं स्पष्ट सांगायचं. आपल्याकडचे व्हीजे, एनटी, एसबीसी हे प्रवर्ग केंद्रात वेगळे नाहीत, तुमची जात केंद्राच्या ओबीसी यादीत असेल तर तुम्ही तिथं ओबीसी म्हणून फॉर्म भरायचा, ती यादी राष्ट्रीय मागासवर्ग आयोगाच्या साइटवर राज्यानुसार आहे, तिथं आपल्या जातीचं स्पेलिंगसुद्धा जुळवून बघा. मराठा समाजाचं एसईबीसी आरक्षण फक्त राज्यापुरतं आहे, केंद्राच्या संस्थेत ते लागू होत नाही, पण घरचं उत्पन्न आणि जमीन मर्यादेत बसत असेल तर ईडब्ल्यूएसचं (आर्थिक दुर्बल घटक) केंद्राच्या नमुन्यातलं सर्टिफिकेट काढता येतं. कुणबी दाखला असेल तर ओबीसी.

इथं अजून एक बारीक गोष्ट आहे जी सायबर कॅफेवाला पण चुकीची सांगतो. दोन्हीकडे ८ लाख हाच आकडा ऐकू येतो पण मोजायची पद्धत वेगळी. ईडब्ल्यूएसला घरातलं सगळं उत्पन्न धरतात, पगार, शेती, धंदा सगळं, आणि ५ एकर किंवा जास्त शेतजमीन असेल तर उत्पन्न कितीही कमी असलं तरी मिळत नाही. केंद्राच्या ओबीसी नॉन क्रीमी लेयरला मात्र त्या ८ लाखात आईवडिलांचा पगार आणि शेतीचं उत्पन्न मिळवत नाहीत, तिथं आईवडील कुठल्या पदावर आहेत ते वेगळं बघतात. त्यामुळे आमचं उत्पन्न जास्त आहे असं परस्पर ठरवून ओपनमधून फॉर्म भरू नका, आधी नीट विचारून घ्या. सर्टिफिकेट कोणत्या तारखेनंतरचं हवं ते त्या वर्षीच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं, साधारण चालू आर्थिक वर्षातलं मागतात. म्हणजे १ एप्रिल झाला की लगेच अर्ज टाका, बाकीची कागदं म्हणजे उत्पन्नाचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, रेशनकार्ड हे सगळं मार्चमध्येच एका फाइलला लावून ठेवा. मे महिन्यात तहसीलमध्ये काय गर्दी असते ते सगळ्यांना माहीत आहे. आणि हो, दहावीच्या सर्टिफिकेटवरचं नाव, आधारवरचं नाव आणि जातीच्या दाखल्यावरचं नाव एकसारखं आहे का ते आजच बघा, एखादं अक्षर किंवा वडिलांचं नाव पुढेमागे असेल तर दुरुस्तीला वेळ जातो.

पसंतीक्रम भरताना एकच नियम, जे मनापासून सगळ्यात जास्त हवंय ते पहिलं, मग दुसरं, मग तिसरं. माझा नंबर पुण्याला लागणार नाही म्हणून पुणं खाली टाकतो, असा डाव खेळायची काही गरज नाही, वर टाकल्यानं खालचं हातचं जात नाही. पुण्याच्या जागा साधारण सगळ्यात वरच्या रँकला संपतात, त्यामुळे बाकीची नावं पण गांभीर्यानं भरा. आणि नावावरून शहर धरू नका, कोलकात्याचं आयसर खरं तर नादिया जिल्ह्यात मोहनपूरला आहे, तिरुवनंतपुरमचं विथुराला डोंगरपायथ्याशी, तिरुपतीचं येर्पेडूला. एखाद्या पोराला अशी निवांत जागा जास्त मानवते, एखाद्याला नाही. भोपाळला इंजिनियरिंग सायन्स आणि इकॉनॉमिक्सचा चार वर्षांचा बीएस पण आहे, त्याला बारावीला मॅथ्स लागतं. माझं स्पष्ट मत आहे की घरापासून लांब पण आयसर, हे घराजवळच्या नावडत्या कोर्सपेक्षा चांगलं. पहिल्या यादीत नाव नाही आलं तर रडत बसू नका, पुढच्या फेऱ्यांत जेईई-नीटचे निकाल लागले की बरीच पोरं जागा सोडतात आणि यादी खाली सरकते. फक्त प्रत्येक फेरीला पैसे भरायची आणि होकार द्यायची मुदत असते, ती एक दिवस जरी हुकली तरी जागा गेली, तिथं कोणी ऐकून घेत नाही.

आयएटी देणारच आहात तर त्याच मार्कांवर बेंगळुरूच्या आयआयएससीच्या (इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स) बीएसला आणि आयआयटी मद्रासच्या मेडिकल सायन्सेस अँड इंजिनियरिंगच्या बीएसला पण अर्ज करता येतो, फक्त त्यांचे फॉर्म त्यांच्या त्यांच्या साइटवर वेगळे भरावे लागतात. शिवाय नेस्ट नावाची परीक्षा आहे, त्यातून भुवनेश्वरचं नायसर आणि आपल्या मुंबईत कालिना कॅम्पसमधलं सीईबीएस या तशाच विज्ञान संस्था मिळतात. अभ्यास जवळपास तोच. गणिताचं वेड असेल तर आयएसआय (इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट) आणि चेन्नईचं सीएमआय (चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट), पण त्यांचे पेपर वेगळ्या धाटणीचे असतात, त्याला वेगळी तयारी लागते.

पैशाचं बोलू. सरकारी संस्था असली तरी फी, हॉस्टेल, मेस मिळून आकडा शेतकरी घराला जाणवतो. फी माफीचे नियम कोणाला कसे आहेत ते प्रवेशाच्या वेळी अकॅडमिक ऑफिसात स्वतः जाऊन विचारा, लाजू नका, रोज शंभर पोरं तेच विचारतात. बोर्डात वरच्या १ टक्क्यात असाल तर केंद्राच्या इन्स्पायर स्कॉलरशिपला अर्ज करा, वर्षाला ८०,००० रुपये असतात, त्यातले ६०,००० हातात आणि २०,००० उन्हाळ्यातल्या प्रोजेक्टसाठी, त्यासाठी बोर्डाचं एक पात्रतेचं पत्र लागतं ते निकालानंतर बघून ठेवा. लॅपटॉप घ्यायची घाई नको, आल्यावर सीनियरना विचारून साधा घ्या, गेमिंगवाला तर अजिबात नको.

आणि पुढं काय, हा आजीपासून शेजारच्या काकांपर्यंत सगळ्यांचा प्रश्न. खरं उत्तर असं की बरीच पोरं पीएचडीला जातात, भारतात किंवा बाहेर, काही डेटा सायन्समध्ये, काही फार्मा-बायोटेक कंपन्यांत, काही शिक्षक होतात. पीएचडी म्हणजे घरच्यांच्या पैशावर अजून पाच वर्षं शिकणं असा गैरसमज आहे, तो आधी काढा. नेट-जेआरएफ ही केंद्राची फेलोशिप परीक्षा पास असाल तर जानेवारी २०२३ पासून महिन्याला ३७,००० रुपये फेलोशिप आहे, दोन वर्षांनी ४२,०००, वर घरभाडं. चार आकडे समोर ठेवले की वडील शांत होतात, हा माझा अनुभव आहे. पण हेही सांगा की पॅकेजचे फ्लेक्स लावायचे असतील तर ही वाट नाही.

बरं, प्रवेश झाला. ऑगस्टच्या आधीचे जे काही आठवडे मिळतील त्यात दोनच गोष्टी करा. एक, पायथन थोडं शिकून घ्या, लूप, फंक्शन, यादी आणि एक आलेख काढता आला एवढं पुरे, कारण इथं पहिल्याच वर्षी कोडिंग लागतं आणि आपल्याकडच्या बऱ्याच पोरांनी कॉम्प्युटरवर फक्त टायपिंग केलेलं असतं. दोन, बारावीत जो विषय सोडला होता त्याचं अकरावीचं पुस्तक गोष्टीच्या पुस्तकासारखं वाचून काढा. बाकी झोपा, आईच्या हातचं खा, मित्रांना भेटा. मूळ कागदपत्रं जमा करायच्या आधी सगळ्यांचे स्कॅन आणि पाच-पाच झेरॉक्स, ॲटेस्टेड.

पहिले काही आठवडे जड जातात, सगळ्यांनाच. वर्गातला प्रत्येक जण आपल्या कॉलेजचा टॉपर असतो, कुणी ऑलिंपियाड केलेलं असतं, कुणी फाडफाड इंग्रजी बोलतं, आणि तुम्ही मागच्या बाकावर बसून विचार करता की आपण इथं चुकून आलो. चुकून नाही आलात, त्यांनी दिलेला तोच पेपर देऊन आलात. पहिल्या दिवसापासून पुढच्या दोन रांगांत बसा, तिथं बसलं की झोप पण येत नाही आणि फळ्यावरचं अक्षर पण दिसतं. इंग्रजी मोडकंतोडकं असलं तरी प्रश्न विचारा, इथं प्राध्यापक व्याकरण बघत नाहीत, प्रश्न बघतात. वर्गात धीर होत नसेल तर ट्यूटोरियलला विचारा, तिथं पीएचडीचे विद्यार्थी असतात, त्यात मराठी बोलणारे पण भेटतात, लेक्चर झाल्यावर जिन्यात गाठून विचारा. पण त्याच आठवड्यात विचारा. इथं एक धडा दुसऱ्यावर इतका भराभर चढतो की दोन आठवडे मागं पडलं की सेमिस्टरभर धावावं लागतं.

सगळ्यात मोठा धक्का मॅथ्सचा. बारावीपर्यंत गणित म्हणजे उत्तर काढणं, इथं गणित म्हणजे सिद्ध करणं. शाळेत वर्गमूळ २ अपरिमेय आहे हे सिद्ध केलेलं आठवतंय का, आधी उलट मानायचं आणि मग विसंगती दाखवायची, पूर्ण कोर्स तसा असतो. यावर उपाय, रोज एक सिद्धता पुस्तक बंद करून स्वतःच्या शब्दांत लिहायची. जिथं अडाल तिथं खरं कळलेलं नव्हतं. मॅथ्सवाल्या मित्राला बायो समजावून द्या आणि त्याच्याकडून एप्सिलॉन-डेल्टा म्हणजे लिमिट काटेकोरपणे सिद्ध करायची पद्धत शिकून घ्या, पीसीएम आणि पीसीबीच्या पोरांनी मिळून चार-पाच जणांचा गट केला तर पहिलं वर्ष खरंच सोपं जातं, मी तर म्हणेन तेवढ्यासाठी मुद्दाम वेगळ्या विषयातला रूममेट असला तर उत्तम.

लॅबमध्ये एक गोष्ट मनावर कोरून घ्या. जे आलं तेच लिहायचं. ज्युनियर कॉलेजात आपल्याला जर्नल उतरवायची सवय लागलेली असते, लंबकाच्या प्रयोगात जी (गुरुत्व त्वरण) नऊशे ऐंशी यायलाच हवा म्हणून मागून रीडिंग बसवायची. इथं ते चालत नाही, आणि चालू पण नये. जी ९२० आला तर ९२० लिहा, वही पेननंच लिहा, चुकलं तर एक रेघ मारून पुढे लिहा, आणि खाली कारण शोधा, दोरीची लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत मोजली होती का, झोका फार मोठा दिला का, वीस आंदोलनं मोजताना एकोणीसच झाली का. चांगल्या शिक्षकांकडून या कारणांना मार्क मिळतात. असाइनमेंटची कॉपी पण तशीच, मित्राशी चर्चा करा, लिहिताना एकटे बसा. इंटरनेटवरून किंवा एआयकडून उचललेलं त्यांना कळतं आणि प्रकरण कमिटीपर्यंत जातं, पण त्याहून वाईट म्हणजे तुम्ही शिकायला आलात आणि शिकलातच नाही.

पहिल्या मिडसेमला म्हणजे सेमिस्टरच्या मधल्या परीक्षेला मार्क बघून हादरू नका. आयुष्यात नव्वदच्या खाली न गेलेली पोरं तिथं चाळीस बघतात. ग्रेड सगळ्या वर्गाच्या मानानं लागतात, त्यामुळे वर्गाची सरासरी काय आहे ते आधी विचारा. पेपर मिळाला की तो घेऊन सरांकडे जा आणि कुठं चुकलं ते समजून घ्या, मार्क वाढवायला नाही. आणि रात्र रात्र झोप येत नसेल, जेवण जात नसेल, घरी फोन करावासा वाटत नसेल तर हे नुसतं अभ्यासाचं टेन्शन म्हणून ढकलू नका. कॅम्पसवर समुपदेशक असतात, बाहेर बोलायचं असेल तर सरकारची टेली मानस हेल्पलाइन १४४१६ आहे, मराठीत बोलता येतं. रूममेट असा दिसला तर त्याच्या मागं लागा, त्याला एकटा सोडू नका. ही गोष्ट कुठल्याही ग्रेडपेक्षा मोठी आहे.

विषय निवडायची घाई करू नका. फिजिक्सच करणार म्हणून आलेली पोरं इकॉलॉजीत रमलेली आणि डॉक्टरकी हुकली म्हणून बायोला आलेली पोरं गणितात गेलेली मी पाहिलीत. यासाठी पुण्यासारखं गाव नाही हो. शेजारी एनसीएल, त्याच रस्त्यावर पावसाचा अभ्यास करणारी आयआयटीएम, विद्यापीठात आयुका, रेडिओ खगोलशास्त्राची एनसीआरए आणि पेशींवर संशोधन करणारी एनसीसीएस, इकडे आघारकर संस्था. बहुतेक ठिकाणी बाहेरच्यांना ऐकता येतील अशी व्याख्यानं असतात, आठवड्यातून एक तरी ऐका, पहिल्या वर्षी त्यातलं वीस टक्के कळलं तरी खूप झालं. न कळलेले तीन शब्द लिहून आणा आणि रात्री शोधा.

पहिल्या उन्हाळ्याचं प्लॅनिंग दिवाळीनंतर सुरू करा. विज्ञान अकादमींची समर रिसर्च फेलोशिप असते, मुंबईत होमी भाभा केंद्राचा पदवीच्या विद्यार्थ्यांसाठीचा एनआययूएस कार्यक्रम आहे, टीआयएफआर या मुंबईच्याच संशोधन संस्थेचा व्हीएसआरपी हा उन्हाळी कार्यक्रम थोडा पुढच्या वर्षांसाठी, कोण कुठल्या वर्षाला पात्र ते बघून घ्या. आणि सरळ प्राध्यापकांना ईमेल करणं ही सगळ्यात चांगली वाट. पण एकच मेल पन्नास जणांना पाठवू नका, त्यांना ते पहिल्या ओळीत कळतं. एका आठवड्यात दोन किंवा तीनच मेल, आणि त्याआधी त्यांच्या लॅबचं वेबपेज आणि एखादा रिसर्च पेपर, निदान त्याची सुरुवात आणि आकृत्या, वाचून घ्या. मेलमध्ये आपण कोण, त्यांच्या कामातलं नेमकं काय वाचलं, त्यावर आपल्याला पडलेला एक खराखुरा प्रश्न, आपल्याला काय येतं (पायथन येतं, सूक्ष्मदर्शक वापरलाय, काहीच नाही पण शिकेन, जे खरं ते), आणि कुठल्या तारखांना मोकळे आहात, एवढंच आठ-दहा ओळींत. मार्कशीट जोडा. दहा दिवस उत्तर नाही आलं तर एकदा आठवण करा, तरी नाही आलं तर पुढच्या नावाकडे वळा, ते लोक खरंच कामात असतात.